मागे राहिलेल्यांसाठी एकोणीस बदल

१ सप्टेंबर, रविवार

पोचलो एकदाचा. दोन बॅगा, एक प्रेशर कुकर आणि आईने जबरदस्तीने कोंबलेला मेतकुटाचा डबा, सगळं शाबूत. ग्योतोकु स्टेशनवर सुप्रभावहिनी स्वतः घ्यायला आल्या होत्या. मराठी मंडळाच्या ग्रुपवर त्यांच्या वरच्या खोलीची माहिती मिळाली होती. पाच आठवड्यांनी अपूर्वा आणि राधिका पुण्याहून आल्या की आम्ही ओजिमाला आमच्या जागेत जाणार, तोवर मुक्काम इथे.

घर दुमजली, आटोपशीर, स्टेशनपासून चालत बारा मिनिटं. वहिनींचे यजमान जयप्रकाश टिपणीस फेब्रुवारीत गेले. आता त्या आणि चौदा वर्षांची तन्वी, एवढंच घर. तन्वी माझ्याशी जपानीत बोलली, मी मराठीत, आणि शेवटी दोघांनीही इंग्रजीत माघार घेतली. पोर गोड आहे, पण फार अशक्त. चमचा लहान मुलासारखा मुठीत धरते. पोळीचे तुकडेसुद्धा वहिनींनी करून दिले. वाढीचं वय, होतं असं.

जेवायला मेथीची भाजी होती. जपानमध्ये काय खाशील म्हणून पुण्यात सगळे सुतकी चेहरे करून बसले होते, त्यांना फोटो पाठवला. कचऱ्याचा तक्ता भिंतीवर आहे. कुठल्या वारी काय टाकायचं ते पाठ करायला मला बहुधा पाच आठवडे लागतील.

३ सप्टेंबर, मंगळवार

ऑफिस मोन्झेन-नाकाचोला. तोझाई लाइनने सरळ, गाडी बदलायची भानगड नाही. काम जुनंच, गाड्यांच्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहिणं.

रात्री जेवताना वहिनींनी विचारलं की मी नेमकं काय करतो. मी म्हटलं, यंत्राच्या खोक्यात जी पुस्तिका येते आणि जी उघडायच्या आधीच हरवते, ती अकरा वर्षं मी लिहितोय. त्या हसल्या नाहीत. वाटी खाली ठेवून म्हणाल्या, माझ्यासाठी एक लिहाल का.

खाली गाडी उभी आहे, करड्या रंगाची, लांबट, जुनी. जयप्रकाशना अशक्तपणाचा आजार झाला, आधी हात गेले, मग पाय. पण माणूस जिद्दी. शरीराचा एकेक भाग संपावर गेला तशी त्यांनी गाडी बदलत नेली. एकूण एकोणीस बदल. ऑक्टोबरच्या मध्यावर गाडीची सरकारी तपासणी आहे आणि गॅरेजवाल्याला प्रत्येक बदलाचा कागद हवाय. शिवाय तन्वी मोठी झाल्यावर तिला कळायला हवं की बाबांनी काय काय केलं होतं. वहिनी म्हणाल्या, मागे राहिलेल्यांपाशी तेवढं तरी असावं.

इतक्या आशेने आजवर कुणी माझ्याकडे पुस्तिका मागितली नव्हती. लगेच हो म्हटलं.

५ सप्टेंबर, गुरुवार

आज मी जपानी झालो. शिक्का करून घेतला. इथे सहीपेक्षा शिक्क्याला मान. स्टेशनजवळच्या दुकानातल्या आजोबांनी सांगितलं की इथे शिक्का आडनावाचा करतात, म्हणजे एकच शिक्का अख्ख्या घराला चालतो. बायको आणि मुलगी येणार म्हटल्यावर तर त्यांनी मान डोलावून तोच करायला लावला. ‘लेले’, जपानीत दोन सारखीच अक्षरं. ती पाहून आजोबा खुदकन हसले. दिवसभर ऑफिसात दिसेल त्या कागदावर उठवत सुटलो. माकडाच्या हाती कोलीत.

७ सप्टेंबर, शनिवार

गणेशचतुर्थी, पण घरात वर्ष झालेलं नाही म्हणून गणपती नाही. वहिनींनी नुसता खिरापतीचा नैवेद्य देवापुढे ठेवला. सकाळी दहा वाजता मी गाडीपाशी.

जयप्रकाशची मूळ पानं तेलाने खराब झाली म्हणून वहिनींनी नव्याने उतरवून दिली आहेत. एका बदलाला एक पान. काय बदललं, कधी, का, आणि खाली एक रिकामा चौकोन. हा तपासणाऱ्याचा असणार. आपल्याकडची सवय, सही आधी आणि काम नंतर. मी एकोणीसच्या एकोणीस पानांवर आधी शिक्का मारून मोकळा झालो. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. शेवटच्या पानावर शिक्का उठला तशा आत गेल्या. त्यांना भरून आलं असावं.

माझा एकच नियम आहे, जे स्वतः करून पाहिलं नाही ते लिहायचं नाही. चालकाच्या खुर्चीत बसलो.

बदल एक, चाकावर बसवलेली लाकडी मूठ. पकड नसली तरी तळहाताने चाक फिरवता येतं. बदल दोन, दाराला आतून कडं, ते कोपराने ओढायचं. बदल तीन, किल्लीला टी आकाराची दांडी. मूठ इतकी गुळगुळीत घासली आहे की हात काढवत नाही. कारागिरी पाहून हेवा वाटला. तन्वी खिडकीतून पाहत होती. मी हात केला, तिने पडदा ओढला.

१४ सप्टेंबर, शनिवार

आज गॅरेजवाले ओकुमुरा-सान आले. सत्तरीचे, बुटके, हातात पांढरे मोजे. गाडीतले सगळे लोखंडी भाग त्यांनीच जयप्रकाशना करून दिले होते. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, प्रत्येक बदलाकडे बोट दाखवून मोठ्याने नाव घेतलं, पण हात एकाही भागाला लावला नाही. मी आत बसा म्हटलं तर दोन पावलं मागे सरकले. मग माझी पानं पाहिली. शिक्का दिसल्यावर त्यांनी दोन्ही हातांची छातीसमोर फुली केली आणि माझ्याकडे पाहत राहिले. चौकोन चुकला वाटतं. सरकारी कागद, दुसरं काय. वहिनींनी त्यांना चहाला थांबवलं नाही.

चार ते सात झाले. सहावा बदल खास आहे, ब्रेक हाताने लावायचा लांब दांडा. सातव्यात उजव्या पायाखालचा पेडल झाकून टाकलाय आणि वेग चाकामागच्या कड्याने वाढवायचा.

संध्याकाळी अपूर्वाचा फोन. राधिकाच्या बाईंनी वहीत लाल शेरा दिलाय की अक्षर फार बिघडलं. सात वर्षांची पोर, बाबा नाही म्हटल्यावर लाडावलीय. मी स्क्रीनवरूनच दटावलं. तिने पेन्सिल दाखवली आणि ती तिच्या हातून पडली. आम्ही तिघंही हसलो.

१८ सप्टेंबर, बुधवार

एक गंमत लिहून ठेवतो. लोणच्याच्या बरणीचं झाकण मला उघडेना. फडक्याने धरलं, गरम पाण्याखाली धरलं, हात नुसता फिरतोय. तन्वीने माझ्या हातातून बरणी घेतली आणि एका झटक्यात उघडली. मी टाळ्या वाजवल्या. ती मात्र स्वतःच्या हाताकडे बघत राहिली, मग आईकडे. वहिनींनी पदराने तोंड पुसलं आणि गॅसकडे वळल्या.

तन्वीने बॅडमिंटनच्या क्लबात पुन्हा नाव घातलंय. आता चमचा नीट धरते. बरं वाटलं.

हे लिहितानाही पेन दोनदा निसटलं. लॅपटॉपवर फार काम होतंय.

२१ सप्टेंबर, शनिवार

आठ ते अकरा. अकरावा बदल म्हणजे खुर्चीला बांधलेला रुंद पट्टा. कंबर सरळ राहत नसली तर धडाला धरून ठेवतो.

उतरताना उजवा पाय उचलला गेला नाही. बधिर झाला असेल म्हणून बसून राहिलो. पाच मिनिटांनी हातांनी उचलून बाहेर ठेवला.

पण मला त्याहून दुसरंच खटकतंय. डॅशबोर्डच्या कप्प्यात जयप्रकाशचं हॉस्पिटलचं कार्ड सापडलं, भेटींच्या तारखांसकट. कुठलं आधी आणि कुठलं नंतर ते पाहणं हाच माझा धंदा, म्हणून पानांशी ताडून पाहिलं. लाकडी मूठ बसवली एप्रिलात. हात दुखतो म्हणून ते पहिल्यांदा डॉक्टरकडे गेले जूनमध्ये. ब्रेकचा दांडा जानेवारीत, पाय गेला मार्चमध्ये. अकराही बदलांचं हेच. एकदा चूक होईल, दोनदा होईल.

आधी मूठ बसली. मग हात गेला.

उगाच डोकं चालवतोय. सोमवारी सुट्टी आहे, राहिलेलं संपवतो.

२३ सप्टेंबर, सोमवार

संपवलं नाही.

जादा चाक नोंदवायचं म्हणून मागचा तळ उचलला. चाकाखाली प्लास्टिकच्या पिशवीत जयप्रकाशची मूळ पानं. तेलाचा एक डागसुद्धा नाही. चौकोनाच्या वर त्यांच्या अक्षरात लिहिलंय, ‘बदल ज्याच्यासाठी केला त्याचा शिक्का’. हे शब्द वहिनींनी उतरवताना गाळले. चौकोनात जयप्रकाशच्या नावाचा शिक्का, त्यावर काट. बाजूला दुसरा शिक्का, एकोणीसही पानांवर. तन्वी.

पानं घेऊन स्वयंपाकघरात गेलो. वहिनी भेंडी चिरत होत्या. पानं पाहिली आणि विळी बाजूला सारली. काही लपवलं नाही. तेराव्याला त्यांनीच तन्वीला म्हटलं होतं, बाबांची गाडी आता तुझी, आठवण म्हणून तुझा शिक्का उठव. महिन्याभरात पोरीच्या हातून चॉपस्टिक पडायला लागल्या. डॉक्टरांना काही सापडलं नाही. जयप्रकाशच्या वेळीही नव्हतं सापडलं. पहिली मूठ त्यांनी केवळ हौस म्हणून बसवली होती, एका हाताने गाडी लावता यावी म्हणून. मी विचारलं, तुमचा स्वतःचा शिक्का का नाही उठवलात. म्हणाल्या, तन्वीला झाल्यावर सगळ्यात आधी तोच उठवला होता, नवी पानं करून. काही झालं नाही. त्यांची बोटं आधीच संधिवाताने वाकलेली आहेत, गाडीला घ्यायला त्यांत काही नव्हतं.

मी ओरडलो. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या खिशातल्या शिक्क्याकडे पाहत एकच विचारलं.

“तुमचा शिक्का आडनावाचाच आहे का हो?”

मी हो म्हटलं.

त्यांनी जयप्रकाशच्या शिक्क्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या, हे तर घरात प्रत्येकाचा वेगळा करायचे, पहिल्या नावाचा. मी धरून चालले होते की तुमचाही तसाच असेल.

राधिकाची पेन्सिल.

२४ सप्टेंबर, मंगळवार

पानं फाडली. दुपारपर्यंत काही फरक नाही. माझ्या शिक्क्यावर काट मारली, तरीही नाही. ओकुमुरा-सानना फोन केला. माझ्या मोडक्या जपानीत विचारलं की गाडी भंगारात काढली तर. त्यांनी गॅरेजचं दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाले, टिपणीस-साननी हेच विचारलं होतं. त्यांनी मूठ काढूनसुद्धा पाहिली होती. मूठ निघाली, हात परत आला नाही.

डॉक्टरकडे जाऊन आलो. सगळं नॉर्मल. विश्रांती घ्या म्हणाले.

अपूर्वाला सांगितलं नाही. काय सांगू? तिच्याही हातून या आठवड्यात दोन कप फुटले. ती हसून सांगत होती.

२८ सप्टेंबर, शनिवार

दोन्ही हातांनी पेन धरून लिहितोय. जयप्रकाशना दोन वर्षं लागली, कारण एक बदल झाला की दुसरा करायला वेळ जायचा. मला सगळे तयार मिळाले. आधीच शिक्का मारून मोकळा झालो ना.

गाडीत बसलो नाही, पण पानं वाचली. बारा आणि तेरा मानेला आधार. पंधरावा, तोंडापाशी नळी, फुंकर मारली की हॉर्न. एकोणिसावा शेवटचा. चालकाचा श्वास दहा सेकंद नळीत आला नाही तर गाडी आपोआप कडेला थांबते, दिवे लुकलुकतात, मागची दोन्ही दारं उघडतात. कारण या रकान्यात लिहिलंय, ‘मागे बसलेल्या दोघी सुखरूप राहाव्यात’.

असेच गेले ते. मायलेकी मागे बसल्या होत्या. गाडी नीट कडेला थांबली.

माझ्या दोघी मागे नाहीत. माझ्याच शिक्क्यात आहेत.

१ ऑक्टोबर, मंगळवार

वहिनींनी स्वतःहून विषय काढला. तन्वीची सुटका कशी झाली ते आठवा, म्हणाल्या. नवी पानं, रिकामा चौकोन. नवा माणूस.

मी म्हटलं, लाज नाही वाटत. त्या म्हणाल्या, वाटते. रोज.

खाली तन्वी उड्या मारत होती, दोरीवरच्या.

५ ऑक्टोबर, शनिवार

आल्या दोघी. ओजिमाचा विचार सोडला, सगळे इथेच आहोत. वहिनींनी खालची खोली दिली. विमानतळावर राधिका धावत आली नाही. चालत आली, आईचा हात धरून, उजवा पाय थोडा ओढत. विमानात बसून बसून अवघडला, अपूर्वा म्हणाली. अपूर्वाने बॅग माझ्याकडे दिली, मला धरवली नाही, तिला उचलवली नाही. आम्ही दोघं एकमेकांच्या हातांकडे—

तिला सगळं सांगितलं. तिने विश्वास ठेवला. तेच वाईट.

७ ऑक्टोबर, सोमवार

राधिकाला शाळेच्या फॉर्मवर नाव लिहायचं होतं. ‘रा’ जमला. ‘धि’ नाही. रडली नाही, मला विचारलं, बाबा तुमचं पण असंच होतं का.

मेलो तर मेलो. पण ही—

८ ऑक्टोबर, मंगळवार

ऑफिसात धीरज म्हणून नवीन मुलगा, नाशिकचा, मागच्या आठवड्यात आलाय. जागा शोधतोय. हुशार, बोलका. गाड्यांचं वेड. दसऱ्याला ग्योतोकुला या म्हणालो. गाडीची पूजा आहे. गाडी बघायला मिळेल.

मी म्हणालो. माझ्याच तोंडाने.

१० ऑक्टोबर, गुरुवार

पानं टाइप केली. एका बोटाने. चार तास. चौकोनावरची ओळ वहिनींनी गाळली होती, मीही— कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानात छापून अपूर्वाने आणली. तिनेच पानं मोजली, एकोणीस. मान धरवत नाही आता. उशी लावून—

चांगलं काम आहे. स्वच्छ. आजवरचं सगळ्यात स्वच्छ.

११ ऑक्टो.

राधिकाला रात्रभर धाप.

ठरलं.

१२ ऑक्टो., दसरा

सकाळ. गाडीला झेंडू. चाकांखाली लिंबं. वहिनींनी हळदकुंकू लावलं, मुठीलाही. मला खुर्चीत बसवलंय, दाराजवळ. डायरी मांडीवर. अपूर्वा पेन बोटांत खोचून देते.

धीरज आला. आईने पाठवलेली सुकी आपट्याची पानं घेऊन. वाकून नमस्कार. सोनं घ्या, सोन्यासारखे राहा, म्हणाला. राधिकालाही दिलं. तिच्या हातून पडलं, त्याने उचलून तिच्या खिशात—

बायको नाशिकला आहे. चारुता. सातवा महिना. जानेवारीत आणणार दोघांना. मोबाईलवर फोटो दाखवला, सोनोग्राफीचा. मी पाहिला.

गाडीच्या प्रेमात पडलाय. मुठीवरून हात फिरवतोय. कोणी केलं हो हे, विचारतोय. वहिनी सांगताहेत. मी पानं पुढे सरकवली. तपासणीचं काम आहे, जरा मदत कराल का, नुसतं करून बघायचं आणि—

खिशातून शिक्क्याची डबी काढली. कालच केला म्हणाला. स्टेशनजवळच्या आजोबांकडे.

विचारायला हवं. एकच प्रश्न. वहिनींनी मला विचारला तो. वहिनी माझ्याकडे बघताहेत. अपूर्वा राधिकाकडे. राधिका श्वास—

नाही विचारला.

आधी सगळ्यांवर मारून टाकतो, म्हणतोय. हसतोय. सही आधी, काम नंतर. पहिलं पान. दुसरं. मोजतोय मी. सात. आठ. राधिकाने खाली पडलेली पेन्सिल—

उचलली.

बारा. तेरा. मान माझी सरळ. अक्षर बघा, पेन माझं मीच धरलंय. अठरा.

धीरजच्या फोनवर चारुताचा व्हिडिओ कॉल येतोय. तो एका हाताने फोन उचलतोय आणि दुसऱ्या हाताने शेवटच्या पानावर